बदलीवाल्याचं पान

माझी जनीकाकी वर्षातून एक दिवस उपाशी राहायची आणि त्या दिवशी तिच्या वाऱ्याला उभं राहायची कोणाची टाप नव्हती. पितृपक्षात दामाजीकाकाच्या तिथीला ती अंगणात पान मांडायची. भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर, आणि काकाला लागायची म्हणून कडेला एक विडी. मग पानाशी उकिडवी बसून कावळ्याची वाट बघायची.

आमच्या कोळीवाड्यात कावळ्यांना तोटा नाही. सुकत घातलेल्या मासळीवर दिवसभर टपलेले असतात मेले. पण काकाच्या पानाकडे एकही फिरकायचा नाही. शेजारच्या अंगणातलं पान फस्त करून ते आमच्या कुंपणावर येऊन बसायचे आणि काकाच्या पानाकडे नुसते बघत राहायचे. ओरडायचेसुद्धा नाहीत. लहानपणी मला त्या गप्प कावळ्यांची फार भीती वाटायची. खोटं कशाला सांगू, अजूनही वाटते.

ऊन कललं की काकीचं तोंड सुटायचं. काकावर नव्हे, काकाच्या बदलीवाल्यावर.

"मेला येलेवर आयला असता त माजा मानूस घरी आयला असता. त्याना पानी मिलू नये, कोनी त्याचं नाव घेऊ नये!"

मग पान खाडीत सोडायची आणि तशीच उपाशी झोपायची.

बदलीवाला कोण, हे सांगायचं तर आधी कंपनी सांगावी लागेल. घोडबंदर रोडला आज जिथे टॉवरांची रांग आहे, तिथे खाडीच्या अंगाला आमची मिठागरं आणि भातशेती होती. तिथे ही स्टील कंपनी आली. नाव सांगत नाही, तिची पाटी केव्हाच भंगारात गेली. आधी एक भट्टी होती, मग दुसरी आली, पुढे कल्याण-शीळ रस्त्याला सळया ओढायची मिलही निघाली. सातारा, रत्नागिरी, पार बिहारपासून माणसं आली. आमच्यातल्या तरण्यांनीही जाळी टांगून ठेवली आणि गेटावर उभे राहिले. काकाचे वडील, आबा, तेवढे कुरकुरले. "बुडाला त खाडी दोन दिवसानी आनून देते. भट्टी काय देल?" म्हणाले. कोणी ऐकलं नाही. दर महिन्याचा पगार खाडीने कधी कोणाला दिला होता?

भट्टी बंद ठेवता येत नाही, म्हणून पाळी संपली तरी बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नियम. आणि तिथे आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आलेल्याने मागून खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की कामावरच्याने मागे न बघता निघायचं, तुझी सुट्टी झाली. काकाच्या खांद्यावर तो हात पडलाच नाही, असं कंपनीने सांगितलं. बदलीवाला आला नाही, दामाजी दुसऱ्या पाळीला तसाच उभा राहिला, थकला आणि भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाच्या रसात पडला.

घरी आणायला काही उरलं नव्हतं. पण कामगारांची एक रीत होती. ज्या रसात माणूस गेला तो माल विकायचा नाही. त्याची एक लगड ओतायची आणि आवारात पुरायची. लगड म्हणजे माणसाच्या उंचीचा लोखंडी ठोकळा, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता. काकाची लगड मागच्या भिंतीशी उंबराखाली पुरली. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. काकी झेंडूची माळ घेऊन जायची. एकदा मीही गेले होते. भर दुपारी त्या जागेवर हात ठेवला तर माती ओहोटीच्या चिखलासारखी गार लागली. मी हात झटकन काढला. काकीने मात्र तळवा तसाच दाबून धरला होता.

त्या भट्टीवर पुढे माणसं टिकेनात. भोंगा झाला की खांद्यावर हात पडायचा. कामगार सवयीने निघायचा, चार पावलांवर चुकल्यासारखं वाटून मागे बघायचा, तर बदलीवाला अजून गेटावरच. साहेबांनी भास म्हणून सोडून दिलं. पुढे कंपनीच बंद पडली. कोणी संपाला दोष दिला, कोणी विजेच्या बिलाला. मालकांनी जागेचा भाव बघितला होता, हे मात्र कोणी मोठ्याने बोललं नाही. तरी दरवर्षी दसऱ्याला वॉचमन काकीला मागच्या दाराने आत घ्यायचा.

गेल्या मे महिन्यात साईनाथचा मला फोन आला. तो कंपनीतला जुना क्रेनवाला, आता शीळफाट्याला मुलाकडे राहतो. म्हणाला, "वर्षाली, टॉवरसाठी ती मागची भिंत खणली. सगळं लोखंड इकडे भंगारात आलंय. संध्याकाळी गाडी भट्टीला जाणार."

मी कोपरला राहते. रिक्षा करून कोळीवाड्यात गेले, काकीला सांगितलं. ती चूल टाकून उठली.

"एकदा जलला तो. परत नाय जालू देनार," एवढंच बोलली.

शीळफाट्याच्या त्या आवारात लोखंडाचे डोंगर होते. गंजलेल्या, सारख्या दिसणाऱ्या लगडीच कितीतरी. ऊन असं की पायाखालची माती भाजत होती. भंगारवाले शेठ म्हणाले, "मावशी, यातली तुमची कोणती, कसं ओळखणार?" काकी एकेका लगडीवर तळहात टेकत चालली. चटका बसायचा, हात उचलायची, पुढे जायची. तिचे तळवे लाल झाले. मला बघवेना.

एका लगडीवर तिचा हात थांबला. तिने तो उचलला नाही. मी जाऊन बोट लावलं. लोखंड गार होतं, वर दंव धरल्यासारखं ओलं. काकीने पदराने ती पुसली, डोकं टेकलं आणि अशी रडली, की तसं मी तिला जन्मात रडताना पाहिलं नव्हतं.

उठताना तिने आधारासाठी शेजारच्या लगडीला धरलं आणि तशीच थिजली.

"वर्षाली," ती हळूच म्हणाली, "ही पन गार हाय गो."

खरंच होती. आम्हाला तिथे घेऊन आलेला साईनाथ मागे उभा होता, त्याने मान खाली घातली. काकी त्याच्याकडे वळली. "कोन हाय ह्यो?"

"वहिनी, तो आलेला," साईनाथ म्हणाला. "बदलीवाला. वेळेवर आलेला. मी वरून बघत होतो. त्याने दामाजीच्या खांद्यावर हात ठेवला, दामाजी निघाला पण. तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, नवीन होता. पायात बूट नाहीत, चपला. तो घसरला. दामाजी जिन्यापर्यंत गेलेला, तिथून परत फिरला, त्याचा हात धरायला."

"नाव काय त्याचं?"

"हजेरीवर घेतलाच नव्हता, तर नाव कुठलं? साहेब बोलले, एकच माणूस गेला. ओतताना मात्र आम्ही दोन ओतल्या. तेवढंच जमलं आम्हाला."

जिच्या तोंडाला सगळा कोळीवाडा भ्यायचा त्या काकीने दुसऱ्या लगडीवरही पदर फिरवला. म्हणाली, "मी त्याना पानी मिलू नये बोलत व्हते. दरसाल बोलत व्हते. आनि ह्यो हितं, त्याच्याच बाजूला." मग शेठकडे बघून म्हणाली, "दोगांना नेनार. नायतर मना पन भट्टीच्या गारीत घाला."

शेठनी दोन्ही लगडींना हात लावून पाहिला. हात पँटला पुसत ते म्हणाले, "न्या. दोन्ही न्या. आत्ताच न्या."

त्यांच्याच टेंपोतून लगडी आमच्या बंदराला आल्या. भरती होती. भावकीतल्या माणसांनी त्या होडीत ठेवल्या, साईनाथही बसला. कुठली काकाची आणि कुठली त्याची, हे त्यालाही सांगता येईना. मधल्या पाण्यात गेल्यावर काकी उठली. लगडीच्या जाड टोकावर, खांदा असावा तिथे, तिने हात ठेवला.

"जा रं. सुट्टी झाली तुजी. मी आयले बदलीवर."

दुसरीवरही तसाच हात ठेवला, तेच बोलली, आणि वर म्हणाली, "माज्या बोलन्याचा राग नको धरू, बाबा." मग लगडी सोडल्या. हाताला गार लागणारं ते लोखंड पाण्यात शिरताच चर्र झालं. दोन्ही वेळा झालं. पांढरी वाफ वर आली, आमच्या तोंडावर गरम लागली आणि निवली.

या पितृपक्षात काकीने दोन पानं मांडली. काकाच्या पानाशी विडी ठेवली. दुसऱ्याच्या पानाशी ठेवताना मात्र तिचा हात अडला. "ओढायचा का नाय, कोनाला ठाव?" म्हणत तिने ती परत कनवटीला लावली.

आम्ही ओट्यावर जाऊन बसलो. कुंपणावरून एक कावळा उतरला तो सरळ बदलीवाल्याच्या पानावर. मग बाकीचे उतरले. ते पान चाटूनपुसून संपल्यावरच कावळे काकाच्या पानाकडे वळले.

"बघितलास? तुज्या काकानं पयले त्याना जेवू घातलं," काकी डोळे पुसत म्हणाली. "मेला अजून तसाच हाय." मग आत जाऊन तिने भात वाढून घेतला आणि पोटभर जेवली.

संध्याकाळी पानं उचलायला ती आणि मी अंगणात गेलो. काकाच्या पानाशी विडी नव्हती. ती दुसऱ्या पानावर होती, अर्धी ओढलेली, राख तशीच टोकाला. दुपारभर अंगणात कोणी आलं नव्हतं, मी ओट्यावरच होते.

काकीने वाकून ती विडी निरखली.

"म्हंजे ओढायचा तो," ती म्हणाली, आणि कनवटीची विडी काढून तिने त्या पानाशी ठेवली.