पंचाण्णव लिटर

बुद्धरत्नच्या कपाळाला सात टाके पडले होते, पण त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. तळेगावच्या दवाखान्यातल्या बाकावर तो सकाळपासून बसून होता. आत भिमाबाई, त्याची बहात्तर वर्षांची आई, मांडीचं हाड मोडून पडली होती. ती पुन्हा पायावर उभी राहील की नाही, हे विचारलं की डॉक्टर 'बघू' म्हणत. आणि चार वाजता विमान अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई येणार होत्या. त्यांच्याकडं एक कागद असणार होता. त्यावर बुद्धरत्नच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मोजलेलं इंधन, पंचाण्णव लिटर. तो आकडा खोटा होता. आणि हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं बुद्धरत्नला वाटत होतं.

आता खोटे आकडे लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, त्यांच्यावर कोण कशाला वेळ घालवेल! पण हा माणूस तसला नव्हता हो. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत तो वीस वर्षं माल तपासणाऱ्या क्वालिटी खात्यात होता. बुद्धरत्न साहेब भट्ट्यांच्या शॉपमध्ये शिरले की माणसं हातातलं पेन खाली ठेवायची. कारण तिथं एक जुनी रीत आहे. भट्टीचं तापमान दर तासाला बघून तक्त्यात लिहायचं असतं, आणि लोक काय करतात, शिफ्टला आल्या आल्या आठही रकाने भरून टाकतात आणि चहाला जातात. भट्टी रोज तेच सांगते, मग कशाला उगाच उठबस? सगळे करतात, सगळ्यांना ठाऊक असतं. बुद्धरत्नला मात्र ते खपत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्यानं ज्ञानदेवला पकडलं. चारच्या रकान्यात आकडा भरलेला, आणि घड्याळात दोन चाळीस.

"साहेब, बारा वरसं ही भट्टी बघतोय," ज्ञानदेव म्हणाला. तो खेडकडचा, बोलणं गावचं. "आठशे चाळीस म्हंजे आठशे चाळीस. तिच्यात बघायचं काय राह्यलं न्हाई."

"मग बघायला तुझं काय जातं?"

बुद्धरत्ननं त्याच्याच हातानं खुलासा लिहून घेतला, तोही शब्द सांगून. 'मी आकडा न बघता लिहिला. चूक माझी आहे.' ज्ञानदेव कंत्राटी माणूस. आठवड्याच्या आत त्याचा गेटपास बंद झाला.

त्या रात्री जेवताना बुद्धरत्ननं हे सगळं आईला सांगितलं, खुलाशाचं वाक्य धरून. थोडं मिरवतच सांगितलं. भिमाबाईनं भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं, "पोरं किती त्याला?"

बुद्धरत्नला माहीत नव्हतं.

"येक डाव पोटात घालायचं व्हतं, रतन."

"आई, कच्चा गिअर रस्त्यात तुटला तर माणूस मरतो."

ते खरंच होतं. खऱ्यापुढं काय बोलणार? तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

ही भिमाबाई जालन्याकडून चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी इकडं आली. नवऱ्याला फाउंड्रीत काम मिळालं, आणि हिनं कारखान्यांच्या शेडांच्या पायाभरणीसाठी घमेली वाहिली. भोसरीत वाहिली, चिंचवडला वाहिली, पुढं चाकणला माळ होता तेव्हा तिथंही वाहिली. बुद्धरत्न दोन खांबांना बांधलेल्या झोळीत पडून वर बघायचा. नवरा लवकर गेला. तिनं पोराला आयटीआय केलं, मग डिप्लोमा. पोरगा चिकटला कंपनीला, रहाटणीत फ्लॅट झाला. इथवर सगळं चारचौघांसारखं.

पण छत्तिसाव्या वर्षी या बाबानं विमान शिकायला घेतलं. नोकरीसाठी नव्हे हो, आपलं आपण उडवायला. चाकणच्या पुढं तासाभराच्या वाटेवर एका फ्लाइंग क्लबची छोटी धावपट्टी होती. दर रविवारी हा तिकडं. सहा वर्षं सगळ्या रजा, सगळा ओव्हरटाइम त्यात गेला. सोसायटीतली माणसं सकाळी सहा दहाच्या कंपनी बसला त्याला चिडवायची, "काय राव पायलट, बस चुकली तर विमान काढता का?" तो हसायचा. आत कुठं तरी त्याला फार बरं वाटायचं. लायसन्सचं पुस्तक हातात आलं त्या दिवशी त्यानं ते बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. भिमाबाईला तर तो रोज ताटावर बसला की विमान शिकवायचा. पंख डोक्यावर असतात, टाक्या पंखांत असतात, शिडी लावून वर चढायचं, टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजायचं. समोरच्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, छोट्या विमानांचे काटे लबाड असतात.

"मला येकदा दाव की वरनं," ती म्हणायची. "म्या वाह्यलेल्या शेडा."

मार्चमधल्या एका रविवारी तो तिला घेऊन गेला. सकाळी सातला विमानाभोवती फिरत त्यानं तपासणीचा कागद भरायला घेतला. टायर बघितले, तेल बघितलं, पंखांच्या झडपा हलवून बघितल्या. सगळं बघून लिहिलं. इंधनाच्या रकान्याशी आला तेव्हा शिडी पलीकडं होती. क्लबमध्ये विमान रोज संध्याकाळी पंचाण्णव लिटरला भरून ठेवायची रीत. सहा वर्षांत त्यानं शंभरदा तरी मोजलं असेल, शंभरदा पंचाण्णवच निघालं होतं. त्यानं आकडा लिहून टाकला. शिडी आली की मोजू, असं मनात होतं. देवाशप्पथ होतं.

तेवढ्यात क्लबच्या पायरीवर बसलेली भिमाबाई उठून आली, नवं लुगडं सावरत. विमानाचं दार उंच, गुडघे वाकेनात. मेकॅनिक चिमाजीनं शिडी आणून तिच्या दाराशी लावली. ती दोन पायऱ्या चढली आणि घाबरून तिथंच बसली, सीटवर अंग आणि शिडीवर पाय. "थांब रं, थांब रं," करत हसत होती. दहा मिनिटं गेली. शेवटी दोघांनी मिळून तिचे पाय आत घेतले. चिमाजीनं शिडी खांद्यावर टाकली आणि विचारलं, "मोजून झालं ना साहेब?"

बुद्धरत्ननं हातातल्या कागदाकडं पाहिलं. रकान्यात आकडा होता.

"झालं," तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळी क्लबचा पंप बिघडला होता. विमान भरलंच नव्हतं. ऑफिसातल्या फळ्यावर तसं खडूनं लिहिलेलं होतं. पण आईच्या गडबडीत ऑफिसात कोण जातो?

चाळीस मिनिटं काय सुख होतं म्हणून सांगू! भिमाबाई काचेला नाक लावून बसली होती. खाली चाकण पसरलेलं, निळ्या-पांढऱ्या पत्र्यांचं, ट्रकच्या रांगा, कांद्याच्या बाजाराचं आवार. "ती लांबडी शेड माझी," ती हेडफोनमध्ये ओरडली, "तिच्या पायात म्या घमेली वतलीत!" बुद्धरत्ननं विमान थोडं कलतं करून तिला नीट दाखवलं. इतकी वर्षं तिच्या डोक्यावर ओझं होतं, आज तिच्या पायाखाली ते सगळं होतं.

आणि इंजिन खोकलं.

एकदा खोकलं, पुन्हा धरलं, पुन्हा खोकलं, आणि बंद पडलं. पुढचा पंखा वाऱ्यानं नुसता फिरत राहिला. बुद्धरत्नचे हात शिकवल्याप्रमाणं चालले, ही कळ, ती कळ, पुन्हा सुरू करून बघ. काही नाही. काटा अजून अर्ध्यावर डुलत होता, लबाड. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं ती शिडी आली, आणि शिडीवरचे आईचे पाय. मी मोजलं नाही. मी माझ्या आईला रिकाम्या टाकीवर वर आणलं.

"काय झालं रं?" भिमाबाईनं विचारलं. "आवाज का गेला?"

"काही नाही आई. पट्टा घट्ट धर."

रेडिओवर त्यानं संकटाची हाक दिली, जागा सांगितली. आवाज आपला नाहीच असं त्याला वाटलं. उंची होती तीन-साडेतीन मिनिटांपुरती. खाली पत्रेच पत्रे, विजेच्या तारा, हायवे माणसांनी भरलेला. त्यानं उत्तरेला नाक वळवलं, शेतांकडं. मनात एकच चाललं होतं: हिला काही होऊ नये, हिला काही होऊ नये, माझं काय व्हायचं ते होवो. एक मोठं तपकिरी रान दिसलं, त्यानं ते धरलं.

"ते नगं!" भिमाबाई एकदम म्हणाली. ती काय ते समजली होती, आणि तिचा आवाज लख्ख होता. "नांगरटीचं हाय, ढेकळं हायत. पल्याडचं बघ, कांदा काढून झालाय त्यातला."

वरून त्याला दोन्ही सारखीच दिसत होती. त्यानं तिचं ऐकलं. बांधावरची तार हातभर चुकली. चाकं टेकली, विमान धावलं, धावलं, आणि शेवटच्या वाफ्याच्या वरंब्यात पुढचं चाक मोडून नाकावर उभं राहिलं. ढेकळांत उतरला असता तर दोघंही वाचली नसती, असं नंतर सगळ्यांनीच सांगितलं. भिमाबाईचा पाय खालच्या लोखंडात अडकला होता. तिला बाहेर काढताना ती ज्या आवाजात ओरडली, तो आवाज बुद्धरत्नच्या कानातून दोन दिवस झाले तरी जात नव्हता.

तर असा तो बाकावर बसला होता. तीनच्या सुमारास क्लबचे मुख्य शिक्षक कॅप्टन अवधूत आले. माणूस वाईट नाही, बुद्धरत्नवर जीव होता त्यांचा. शेजारी बसून हळूच म्हणाले, "टाक्या कोरड्या निघाल्यात. पंपाचं रजिस्टर अधिकारी बाई बघतीलच, पण आदल्या दुपारी, पंप बिघडायच्या आधीच, विमान भरलं होतं असं आपण म्हणू शकतो. तुझ्या कागदावर पंचाण्णव आहेच. मग एकच अर्थ निघतो, टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं, हवेत इंधन ओढलं गेलं. असं होतं कधी कधी."

"झाकण कोण बसवतं?" बुद्धरत्ननं विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"चिमाजी. बघू त्याचं काहीतरी. तू लायसन्सचा विचार कर, भावा. सहा वर्षं घातलीस तू. एकदा गेलं की पुन्हा तुला कोण देतंय?"

ते उठून गेले. बुद्धरत्ननं डोकं भिंतीला टेकवलं. कोरडे पाषाण म्हणतात ते आपणच, लोकांना ब्रह्मज्ञान सांगत फिरणारे. खरं सांगावं तर ते पुस्तक जाणार, शॉपमधली माणसं पेन चावत हसणार, आणि उरणार काय, सहा दहाची बस. त्याला ते पुस्तक हवं होतं. लाज वाटत होती तरी हवं होतं, अगदी जीव तुटेपर्यंत हवं होतं. मुकाट बसलं तरी पुरेसं होतं. एक शब्दही खोटा बोलायला लागणार नव्हता, कागद बोलणार होता.

चारला अधिकारी बाई आल्या. आधी आजींशी बोलते, म्हणाल्या. बुद्धरत्न खाटेच्या कडेला उभा राहिला. दाराशी चिमाजी शहाळं घेऊन आला होता, तो आत यावं की नाही या विचारात तिथंच थांबला.

"आजी, निघताना काय काय झालं, आठवतं?"

"समदं आठवतं," भिमाबाई म्हणाली. चेहरा वेदनेनं पिवळा पडलेला, पण नजर ठाम. "शिडी लावून वर चढला. टाकीत पट्टी घातली. वाकून बघितली. मग लिवलं. लई नेमाचा हाय माझा पोरगा."

बुद्धरत्न थिजला. सहा वर्षं ताटावर ऐकलेलं ती जसंच्या तसं म्हणत होती. आयुष्यात खोटं न बोललेली बाई. म्हणजे तिला कळलं होतं तर. तिला सगळं तेव्हाच कळलं होतं.

"शिडी कुठल्या बाजूला होती, आजी?"

"त्याच्याच बाजूला."

चादरीखालून तिनं त्याचं मनगट गच्च धरलं होतं. बाई लिहीत होत्या. त्यानं दाराकडं पाहिलं. चिमाजी मान हलवत होता, आजी बरोबर सांगतात, साहेब मोजल्याशिवाय उडायचेच नाहीत. याला पोरं किती, असं बुद्धरत्नच्या मनात आलं. माहीत नव्हतं.

"बाई, थांबा," तो म्हणाला. "आईचं खोटं आहे. शिडी तिच्या पायाखाली होती. मी वर चढलोच नाही."

भिमाबाईनं त्याच्या मनगटात नखं रुतवली. "रतन," ती म्हणाली, "गप बस की रं."

अधिकारी बाईंनी लिहायचं थांबवलं. मग एक कोरा कागद काढून त्याच्यापुढं धरला. "तुमच्या हातानं लिहून द्या. काय झालं तेवढंच."

बुद्धरत्ननं खाटेच्या कडेवर कागद ठेवला. शब्द शोधावे लागले नाहीत. दोन ओळी लिहून त्यानं खाली सही केली.

"काय लिवलंस?" भिमाबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

त्यानं वाचून दाखवलं. "मी आकडा न बघता लिहिला. चूक माझी आहे."

तिनं त्याचं मनगट सोडलं. डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानाशी उतरत होतं.

"हे तर त्या भट्टीवाल्याचं हाय," ती म्हणाली.

"व्हय, आई," बुद्धरत्न म्हणाला.