कावळ्याच्या पानावरचा हिरवा पाहुणा

माझे बाबा नागपूरचे, गणिताचे निवृत्त मास्तर. शिकागोत आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी इथल्या पोपटांना नापास केलं. शेजारच्या बाल्कनीत पक्ष्यांसाठी दाण्यांची नळी टांगलेली असे आणि तिच्यावर पाच-सहा हिरवे पोपट भर बर्फात भांडत बसायचे. शेजारीणबाई सांगायच्या, हे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या रानातले. कधीतरी कुणाच्या पिंजऱ्यातून सुटले, पार्कातल्या दिव्याच्या खांबावर काटक्यांचं भलंमोठं घरटं बांधलं आणि इथलेच झाले.

"चोच लाल नाही, गळ्यात कंठी नाही, अन् छाती राखाडी," बाबा म्हणाले. "हा कायचा पोपट?"

"बाहेरून आलेत बिचारे, आमच्यासारखेच. चालवून घ्या," मी म्हणाले.

"दार लाव आधी. थंडी आत येऊन राहिली."

हे पालुपद दिवसभर चाले. बाल्कनीचं दार बोटभर उघडलं तरी त्यांना आतल्या खोलीत कळायचं. थंडी ही तशी त्यांची जुनीच सबब. आईला माझं घर बघायचं होतं. तिने त्यासाठी चालायचे बूटसुद्धा घेऊन ठेवले होते. पण बाबांचं दरवर्षी काहीतरी निघे. आधी रिटायरमेंट, मग गच्चीची गळती, मग "तिथे बर्फाशिवाय बघायला आहे काय?" शेवटी आई गेली आणि बाबा एकटेच आले. मी त्यांना दोन वेळा चहा देत होते, त्यांची चेष्टाही करत होते, पण आतून माझा त्यांच्यावर राग होता. आई गेल्यापासूनचा.

जानेवारीत आईचं वर्षश्राद्ध आलं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात केळीची पानं मिळाली, तीही गोठवलेली. गरम पाण्यात धरून ती सरळ केली. वडे झाले, खीर झाली. बाबांनी सगळं साग्रसंगीत केलं आणि कावळ्याचं पान बाल्कनीत स्टुलावर मांडलं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

फक्त कावळा आहे का, हे कोणी बघितलं नव्हतं. डासांमुळे पसरणाऱ्या आजाराने आमच्या भागातले कावळे पटापट मेले होते. ती बातमी आम्ही टीव्हीवर बघितली होती, हळहळलोही होतो. पण घरात दोन मास्टर्स डिग्र्या आणि एक गणिताचे मास्तर असून तिचा या पानाशी संबंध आहे, हे एकालाही सुचलं नव्हतं.

दुपार कलायला लागली. खिरीवर साय धरली. माझा नवरा ऑफिसला सुट्टी टाकून उपाशी बसला होता. तो म्हणाला, "बाबा, मी कार घेऊन एक राउंड मारून येऊ का? कुठे कावळा दिसला तर..."

"दिसला तर काय, बसवून आणशील?" बाबांनी विचारलं.

कावळा अडला की गेलेल्या माणसाला वचन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. बाबा कानटोपी घालून काचेशी उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "बीपीची गोळी वेळेवर घेईन." बाहेर सामसूम. "नागपूरला वरच्या मजल्यावरच्या वकिलाशी भांडण मिटवतो." काही नाही. "बरं, कारल्याची भाजी खाईन."

"बाबा, तिला यातलं काही नको होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

ते माझ्याकडे न बघता, काचेवर कपाळ टेकवून हळूच म्हणाले, "चुकलं माझं. तुला आणायला पाहिजे होतं."

थोड्या वेळाने शेजारच्या नळीवरचा एक पोपट उडाला आणि आमच्या कठड्यावर बसला. तिथून स्टुलावर. नवरा त्याला हाकलायला उठला, तर बाबांनी त्याचा हात धरला. पोपटाने भात चोचीने बाजूला सारला, वडा पायात धरला आणि निवांत कुरतडायला लागला.

मला राहवेना. "चोच लाल नाही, कंठी नाही. चालेल का मास्तर? कावळाच लागतो ना?"

"हौ, लागतो तर कावळाच," बाबा म्हणाले. "पण भात सोडून आधी वड्याला हात घालणारी आपल्या घरात एकच होती."

मला रडू फुटलं. इतके महिने जपलेला राग त्या रडण्यात कुठे गेला, माझं मलाच कळलं नाही.

बाबांनी कानटोपी काढली. मग बाल्कनीचं दार स्वतःच्या हाताने हळूहळू सरकवत पूर्ण उघडलं. बोचरा वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. पोपटाने मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं, पण वडा सोडला नाही.

"आत ये," बाबा त्याला म्हणाले. "लेकीचं घर बघून घे."