दगड आला की उचला

एसटी खड्ड्यात आदळायच्या क्षणभर आधी आमचे दाजी सीटवरून बोटभर वर उठायचे. कशालाच धरायचे नाहीत, पुढे वाकायचे नाहीत, नुसते पायांवर तोल सांभाळून अधांतरी. गाडी आदळायची, आम्ही सगळे कण्हायचो, मग दाजी सावकाश परत सीटवर टेकायचे. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की त्यांची ही उठबस सुरू व्हायची आणि चौफुल्यापर्यंत थांबायची नाही. कंडक्टरला वाटायचं, ह्यांना उतरायचंय. तो घंटीच्या दोरीला हात घालून विचारायचा, "उतरायचंय का?"

"न्हाई, न्हाई. दगड होता," दाजी सांगायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळ वडगाव रासाईचे. सत्तरच्या दशकात आमच्याकडच्या गावांत त्यांना सगळे सायकलवाले म्हणून ओळखत. सायकलवाले म्हणजे दुकानदार नव्हे. गावातल्या मोकळ्या मैदानात मधोमध खांब रोवायचा, खांबाला कर्णा बांधायचा आणि त्याच्याभोवती आठवडाभर सायकलवरून फिरत राहायचं, खाली उतरायचं नाही. अंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर, जेवण सायकलवर. झोप म्हणजे खांबाला मिठी मारून काढलेली डुलकी. खांबाला हात लागलेला चालायचा, जमिनीला पाय लागलेला चालायचा नाही. पाय टेकला की खेळ संपला. उरलेल्या विधींबद्दल लोक मला अजून विचारतात. त्यासाठी कनातीची सोय असायची, एवढंच सांगतो. मी तेव्हा दौंडला एका मंडप आणि कर्णेवाल्याकडे कामाला होतो. जवळपास खेळ असला की माइकवर मी असायचो, म्हणून ही सगळी माहिती.

शेवटच्या संध्याकाळी दगडांचा खेळ असायचा. गावातली प्रत्येक आळी आपला एक दगड घेऊन यायची आणि तो मैदानात ओळीनं मांडायची. कुणाचा ओढ्यातला, कुणाचा नांगराला आडवा आलेला. सायकलवाला पडलाच तर आपल्या आळीच्या दगडावर पडावा, अशी प्रत्येक आळीची मनापासून इच्छा असायची. दाजींनी पाय न टेकता ते सगळे दगड ओलांडायचे. मग गावातल्या मानाच्या माणसानं पुढं होऊन हात द्यायचा आणि म्हणायचं, "उतरा." तो शब्द कानावर पडल्याशिवाय दाजी उतरत नसत.

पडायची भीती त्यांना नव्हती. भीती होती ती चिमट्याची. चाकात हवा कमी असली की दगडावर टायर दबतो, आतली ट्यूब दगड आणि रिमच्या मधे सापडते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. "काटा घुसला तर टायम मिळतो," दाजी सांगायचे. "हवा दमानं जाती. चिमटा बसला की गडी खाली." त्यावर त्यांचे उपाय ठरलेले होते. जुन्या टायरची पट्टी कापून ती टायरच्या आतून बसवायची. दगडावर चाक सरळ घालायचं, तिरकं नाही. हवा अशी भरायची की दाबून बघणाऱ्याचा अंगठा दुखला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाक दगडाला भिडायच्या आधी सीटवरून उठायचं. "दगड काय आपल्यासाठी सरकत न्हाई. आपुन आपलं वज्जन उचलायचं. मग दगडाला चावायला काय गावतच न्हाई."

हवा भरायचं काम ताईचं. पदर खोचून, पंपावर पाय देऊन ती हवा भरायला लागली की बायका खेळ सोडून तिलाच बघत बसायच्या. पण अंगठ्याची परीक्षा दाजींची. खांबाला टेकून उभ्या सायकलवरूनच ते पार खाली वाकायचे, मागचं चाक दाबायचे आणि "भर अजून" म्हणायचे. ताई म्हणायची, "फुटंल." दाजी म्हणायचे, "फुटू दे, चिमटायला नको." हा अंगठा त्यांना कुठंच आवरत नसे. कुणाच्या घरी गेले की दारात उभ्या असलेल्या सायकलचं चाक आधी दाबायचे, मग राम राम किंवा जय भीम. दौंडच्या बाजारात कलिंगडंसुद्धा त्याच अंगठ्यानं दाबून बघायचे आणि कलिंगडवाल्याच्या शिव्या खायचे.

त्यांच्या जेवणाचीही एक रीत होती. रोज एका आळीकडून ताट यायचं आणि त्या आळीचा एखादा गडी सायकलबरोबर चालत चालत ते धरायचा. आमच्या वस्तीतल्या माणसाला एरवी ज्या वाड्यांच्या दारात पाणी ओंजळीत मिळायचं, तिथूनही दाजींसाठी स्टीलच्या ताटात पुरणपोळी यायची. ताईला ते बघून गंमत वाटायची. ती एकदा म्हणाली, "तुमी चाकावर हायत तवर गावाला तुमची जात दिसत न्हाई." दाजी घास गिळून म्हणाले, "मग मी उतरतोच कशाला?" आणि पुढच्या फेरीला निघून गेले.

आता आमच्या आबांबद्दल सांगायला हवं. आबा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. आत्याकडे निमोण्याला गेलेल्या ताईनं तिथं दाजींचा खेळ पाहिला आणि घरी येऊन सांगितलं की लग्न करीन तर ह्याच माणसाशी. आबांनी विचारलं, "ज्याचा पाय जमिनीला लागत न्हाई, त्याचं घर कुठं बांधायचं?" ताईनं ऐकलं नाही. लग्न झालं, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि त्या दिवसापासून आबांनी जावयाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, अपमान नाही. फक्त बोलायचं ते दुसऱ्यातर्फे. दाजी समोर बसलेले असायचे आणि आबा मला म्हणायचे, "त्यांना म्हणावं, चहा गार होतोय." दाजी मला म्हणायचे, "आबांना म्हणावं, घेतो." दोघांच्या मधे मी, हातात माइक नसलेला निवेदक. आम्हाला हसू यायचं, पण ताईला ते फार लागायचं. माहेराहून निघताना तिचे डोळे भरायचे ते ह्याच कारणानं. दाजींनाही ते लागत असावं, कारण एकदा ते मला म्हणाले, "सगळ्या गावाचं 'उतरा' ऐकलं. आबांनी एकदा नुसतं 'या' म्हणावं, दुसरं काय न्हाई."

म्हणूनच त्यांनी खेळ दौंडला लावला. तोही आमच्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर, आबांच्या ड्युटीच्या वाटेवर. आबांनी पहिल्या दिवशी मैदान टाळण्यासाठी पार बाजाराला वळसा घातला. दुसऱ्या दिवशी वळसा थोडा लहान झाला. पुढं पुढं तर ते मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली थांबून चपलेतला खडा काढू लागले. तो खडा काही केल्या निघत नसे. मी माइकवरून दाजींची तारीफ जरा चढ्या आवाजात करायचो. दाजी तिकडं बघायचे नाहीत, पण लिंबापाशी आले की उगाच दोन्ही हात सोडून द्यायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की खांबाला हात लावला तर चटका बसावा. ताई भाकरी आणायला क्वार्टरवर गेली होती. दाजी खांबावर टॉवेल गुंडाळून त्याला मिठी मारून डुलकी घेत होते. आबा शेडमधून परत येताना थेट मैदानात शिरले. मला वाटलं, बोलायला आले. मी शहाणपणानं पाठ फिरवली आणि रेकॉर्ड बदलायला घेतली. वळून पाहिलं तर आबा मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. मग उठले, कपडे झटकले आणि गेले.

दाजी जागे झाल्यावर मी सांगितलं, "आबा येऊन गेले."

"काय म्हणले?"

"काय न्हाई. चाकापाशी बसले व्हते."

"चाकाला हात लावला?"

"लावला असंल."

दाजींचा चेहरा उजळला. आठवडाभराचा शीण गेल्यासारखे ते चार फेऱ्या हसतच मारत राहिले. संध्याकाळी दगड मांडले गेले. रेल्वेच्या वस्तीनं रुळांकडेचा काळा, धारदार दगड आणून शेवटी ठेवला. गर्दी जमली, आणि गर्दीत पुढं, लिंबाखाली नव्हे, आबा उभे होते. दाजींनी त्यांना पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चाकाला अंगठा न लावता सायकल दगडांवर घातली.

पहिले दगड ठीक गेले. पण सायकल जड चाललेली मला माइकपाशीसुद्धा कळत होती. काळ्या दगडावर पुढचं चाक उतरलं, मागचं चढलं, आणि माझ्या कर्ण्यालाही झाकता आली नाही अशी फुस्स ऐकू आली. सायकल कलली, सावरली. धूळ इतकी उडाली होती की पाय टेकला की नाही, ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मानाचे पाहुणे हार घेऊन पुढं निघाले. तोवर दाजींनी खांब गाठला होता. त्यांनी हात वर केला.

"हार नको," ते म्हणाले. "पाय टेकला. खेळ संपला."

मागून कुणीतरी शिट्टी घातली. ताई हातात पंप घेऊन तशीच उभी राहिली. तेवढ्यात आबा दोरी ओलांडून आत आले. शेडमध्येसुद्धा कधी मोठ्यानं न बोललेला हा माणूस. त्यांनी माझ्याकडून माइक मागून घेतला आणि तो उलटा धरला. मी सरळ करून दिला.

"हवा मी सोडली व्हती," आबा म्हणाले. कर्ण्यातून ते साऱ्या दौंडला ऐकू गेलं असेल. "ऊन लई व्हतं. टायर दगडावानी झालता. फुटला तर माणूस पडंल म्हनून मी थोडी सोडली. न विचारता सोडली. चूक माझी हाय, जावयाची न्हाई."

मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि लग्नापासून पहिल्यांदा थेट दाजींकडं बघून म्हणाले, "जावईबापू, ट्यूब बदलू. तुमी परत दगड घ्या. हवा मी भरतो."

दाजींनी मान हलवली. त्यांना तसंच खांबाला धरून अधांतरी ठेवून आम्ही दोघातिघांनी मागचं चाक उचललं आणि आबांनी शेडमधल्या हातांनी बघता बघता ट्यूब बदलली. मग निळ्या कपड्यांत, घाम गाळत पंप मारला. दाजी वाकले, चाक दाबलं आणि सवयीनं म्हणाले, "भर अजून." मग जीभ चावली. आबा म्हणाले, "भरतो की."

दाजी पुन्हा दगडांवर गेले. आबा ओळीच्या कडेनं सायकलबरोबर जवळजवळ पळत होते आणि प्रत्येक दगडाला ओरडत होते, "उचला." काळ्या दगडाला तर त्यांच्याबरोबर अर्धी गर्दी ओरडली. दाजी खांबापाशी आले, तेव्हा हारवाले पाहुणे आपण होऊन मागं सरले. आबांनी हात पुढं केला.

"उतरा," आबा म्हणाले. "आन् घरी या."

त्या दिवसापासून आबांचं दुसरं टोक सुरू झालं. जावयाशी त्यांचं बोलणं थांबेचना. पुढं गावोगावचे खेळ कमी झाले, दाजींनी यवतला रस्त्याकडेला सायकलचं दुकान टाकलं. आबा निवृत्त झाल्यावर तिथं जाऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चाकं दाबायचे. दोघं एसटीनं कुठं निघाले की शेजारी शेजारी बसायचे, आणि खड्डा आला की दोघंही एकदम वर उठायचे. ते बघून मला दाजींचा हेवा वाटायचा, हे खरं सांगतो. मी आबांचा मुलगा, पण माझ्याबरोबर ते कधी असे उठले नव्हते.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात दाजीही गेले, झोपेत. सगळं आटोपल्यावर मी ताईला चार दिवस दौंडला न्यायला यवतला गेलो. ती आली. एसटीत खिडकीशी बसून बाहेर बघत होती. पाटसच्या अलीकडं रस्ता उखडलेला होता. गाडी आदळायच्या आधी मी सीटवरून वर उठलो. शेजारी बघतो तर ताईही उठलेली.

कंडक्टर पोरगेला होता. त्यानं आम्हा दोन म्हाताऱ्यांकडं बघून विचारलं, "मावशी, उतरायचंय का?"

"न्हाई, न्हाई," ताई म्हणाली. "दगड होता."

आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच ती हसली. मग आम्ही दोघं सावकाश सीटवर टेकलो.