नात्सुकोच्या हाताला लागलेलं तूप

विमानतळावर माझी बॅग वजनकाट्यावर चढली तेव्हा आमच्या ह्यांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "अगं, तिकडे तांदूळ मिळतो. कोणी उपाशी नाही तिथे."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बॅगेत भोरचा पाच किलो आंबेमोहोर होता, साजूक तुपाची बरणी होती, आणि उरलेल्या जागेत माझे कपडे. धाकट्या बहिणीकडे रिकाम्या हाताने जायला मी काय सरकारी पाहुणी आहे?

सुनंदा शारजाला चौदाव्या मजल्यावर राहते. घरातून समुद्र दिसतो, असं ती फोनवर सांगायची. दिसतो, पण समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, साडीच्या काठाएवढा. ती आणि तिचे यजमान विनायकराव दुबईतल्या अल क्वोजमध्ये मोठं स्वयंपाकघर चालवतात आणि कंपन्यांना जेवण पुरवतात. त्या आठवड्यात त्यांना अबुधाबीतल्या एका टेबल टेनिस स्पर्धेची ऑर्डर होती. दुसऱ्याच दिवशी डबे घेऊन निघालेल्या गाडीत मीही चढून बसले.

"यल्ला, यल्ला (चला, आटपा)!" विनायकराव स्टिअरिंगवर हात आपटत होते. पुढच्या गाड्यांना त्याचं काही नव्हतं. शारजाची सकाळ इतकी हळू सरकत होती, की शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काचेतून मला नातवाचा फोटो दाखवला आणि मी त्याची दृष्टही काढली.

मागच्या सीटवर माझी भाची इरा होती. वय सोळा. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. त्या दिवशी मात्र ती चक्क मराठीत बोलली, कारण विषय तिच्या लाडक्या जपानी खेळाडूचा, नात्सुकोचा होता.

"मावशी, ती चार वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून खेळायची. बाबांचं नूडल्सचं दुकान होतं ना, गिऱ्हाईक गेलं की तिथलंच टेबल. चौदाव्या वर्षी तिने मोठमोठ्या प्लेअर्सना हरवलं. मग रिस्ट गेलं. पूर्ण एक वर्ष खलास (संपलं)."

"आणि आता?"

"आता एकोणीसची आहे. उद्याची मॅच हरली, तर नॅशनल टीममधून बाहेर. दॅट्स इट."

अबुधाबीच्या हॉलमध्ये आम्ही डबे मांडत होतो, तेव्हा नात्सुकोच्या प्रशिक्षक बाई टेबलापाशी आल्या. बारीक चणीच्या, करड्या केसांच्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी अडचण सांगितली. सामन्याआधी नात्सुको ओनिगिरी (मिठाच्या भाताची, हाताने दाबून केलेली मूद) खाते. तांदूळ तिची आई बांधून देते, पण तांदळाची बॅग विमान बदलताना हरवली. हॉटेलात बासमती मिळाला. आता बासमतीचा एकेक दाणा स्वाभिमानी, शेजाऱ्याला चिकटायला तयारच नाही. दोन दिवस पोरगी नीट जेवली नव्हती.

मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने कपाळाला हात लावला. तिला माझा चेहरा कळतो.

"माझ्याकडे आहे!" मी छातीवर हात ठेवून जाहीर केलं. भोरच्या हौशी नाटकमंडळात वीस वर्षं राणीच्या भूमिका केल्याचा हा परिणाम. "चिकट, सुवासिक, असा की मूद पाडली तर दुपारपर्यंत हलणार नाही!"

बाईंनी दोनदा वाकून नमस्कार केला आणि बजावलं, "ओन्ली राइस. ओन्ली सॉल्ट."

पहाटे सुनंदाच्या स्वयंपाकघरात आंबेमोहोर शिजला आणि सगळ्या मजल्यावर वास सुटला. मी मुदा वळायला बसले. हाताला भात चिकटू लागला. आता सांगा, मोदक वळताना, लाडू वळताना आपण हाताला काय लावतो?

"ताई, त्या नको म्हणाल्यात," सुनंदा म्हणाली.

"मी भातात कुठे घालतेय? हाताला लावतेय."

सुनंदा डबे भरायला वळली, तशी मी प्रत्येक मुदीच्या पोटात बोटभर तूप दडवलं. दोन दिवस उपाशी लेकरू. तुपाशिवाय भात तिच्या घशाखाली उतरेल तरी कसा?

नात्सुको दिसली ती पडद्यामागच्या बाकावर. मनगटाला पट्टी, पायात हिरवे मोजे, पोरसवदा चेहरा. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तीन मुदा संपवल्या. ओल्या रुमालाला हात पुसले आणि बॅट घेऊन आत गेली. मला धन्य वाटलं.

हे धन्य वाटणं पंधरा मिनिटं टिकलं.

तीन गेम जिंकणारी विजयी. नात्सुकोने पहिला घालवला. प्रत्येक गुणानंतर ती जाळीजवळ टेबलावर तळवा पुसायची.

"तसं का करते गं?"

"घाम, मावशी. एव्हरीवन डझ दॅट."

पण ती पुसल्यावर तळव्याकडे बघायची. मग चड्डीला पुसायची. एकदा बॅट हातात फिरली आणि सोपा चेंडू छताकडे गेला. हॉलमध्ये एसी इतका गार, की मी शालीत बसले होते. त्या थंडीत ओल्या रुमालाने तूप जातं होय? ते थिजून बसतं! दुसरा गेमही गेला.

"सुने, मी तिला हरवलं," मी म्हणाले आणि खरं काय ते सांगून टाकलं.

सुनंदा रागावली नाही. तिने पिशवीतून लिंबाच्या फोडींची डबी काढून माझ्या हातात ठेवली. "जा. दोन गेमच्या मधे एक मिनिट असतं त्यांना."

मी कठड्याकडे धावले. "अम्मा, उधर नहीं जाना! बैठ जाइए!" रखवालदार ओरडला. कठड्यापलीकडे प्रशिक्षक बाई नात्सुकोशी बोलत होत्या. मला जपानी येत नाही आणि इंग्रजी घाबरल्यावर येत नाही. पण अभिनय येतो. मी मूद वळली, बोटाने तूप दडवलं, स्वतःच्या थोबाडीत मारली, बॅट निसटून दाखवली आणि लिंबू वर धरलं.

बाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी नात्सुकोचा तळवा ओढून हुंगला. मान वर केली तेव्हा त्यांची नजर अशी होती, की माझ्या सासूबाईसुद्धा शेजारी सौम्य वाटल्या असत्या. त्यांनी डबी घेतली.

लिंबाने तळवा घासला, बॅटची मूठ घासली, कोरडं पुसलं. तिसरा गेम नात्सुकोने घेतला. चौथाही. पाचव्यात मी डोळे मिटून बसले होते, इराच्या किंकाळीनेच निकाल कळला. मग ती माझ्या गळ्यात पडली, आणि आम्ही दोघी रडलो, तीही मराठीतच.

मी माफी मागायला गेले, मान खाली घालून. नात्सुकोने फोनवर काहीतरी टाइप करून इराला दिलं. इराने वाचलं, "मला घराची आठवण झाली. उद्यासुद्धा हा भात हवा. तूप जिंकल्यावर."

ती पुढे आणखी दोन सामने खेळली आणि दुसरा हरली, पण संघातली तिची जागा राहिली. प्रत्येक सकाळी मी मिठाच्या पाण्याने हात ओले करून मुदा वळल्या. तूप वेगळ्या वाटीत. जिंकली त्या संध्याकाळी तिने वाटी चाटून पुसून रिकामी केली. हरली त्या दिवशी वाटीला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. सबंध प्रवासात मला जड गेली ती एवढीच गोष्ट.

परतीच्या विमानात बॅग हलकी होती आणि मी विचार करत होते. पन्नाशी उलटेपर्यंत मी माणसांना किती तऱ्हेने तूप चोपडलं, आणि त्यातल्या किती जणांच्या हातातून काय काय निसटलं असेल!

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी वरणभात वाढला. चमचा हातात घेतला आणि थांबले.

"तूप वाढू का?"

ह्यांनी घास खाली ठेवला. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," म्हणाले, आणि थोडा विचार करून, लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदाच सांगितलं, "खरं सांगू? अर्धाच चमचा."