देवाची बांधी

आमच्या वडिलांनी देवाला एक बांधी दिली होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाच्या शेताचा तुकडा. मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी, पण 'देवाची बांधी' म्हटलं की ती कुठली हे साऱ्या गावाला ठाऊक. तिच्यात पिकेल ते हंगामाच्या सणाला मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, अर्पण करायचं. शेजारचे हिंदू आणि बौद्ध शेतकरीसुद्धा तिच्यात आपलं ढोर शिरू देत नसत.

वडील गेल्यावर ती बांधी माझ्याकडे आली. मी लग्न केलं नाही, आईजवळच राहिले. बाकीचं शेत भाऊ पाहायचा. देवाच्या बांधीतली रोवणी, निंदण माझं, आणि बोडीतून पाणी सोडायचं काम त्याचं. बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं. तिचं पाणी आधी देवाच्या बांधीत आणि मग खाली भावाच्या बांधीत जायचं. वडिलांनीच तसा पाट काढून ठेवला होता.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. बोडीत तळाशी काय ते पाणी उरलं. नेमकं तेव्हाच धान निसवलं आणि दाण्यात दूध भरायचे दिवस आले, आणि तेव्हाच आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर गडचिरोलीला लागला. माझा पाय निघत नव्हता. भाऊ म्हणाला, "बाई, तू मायले घेऊन जा. देवाच्या बांधीले पाणी मी देतो ना." मी गेले. सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

परत आले तर बांधीला भेगा पडल्या होत्या. पाटाचं तोंड चिखलानं बुजवलं होतं आणि बाजूनं नवी चारी खोदून सगळं पाणी खाली नेलं होतं. त्या वाळलेल्या चिखलात त्याच्या पायाचा ठसा उमटलेला होता. खालची बांधी हिरवीगार. माझ्या बांधीतली लोंबी मी दोन बोटांत दाबली, तर नुसतं फोल. मी धुऱ्यावरच बसले आणि रडले. पीक गेल्याचं नव्हतं ते रडणं. यानं केसानं गळा कापला होता, तोही देवाचं नाव पुढे करून.

विचारलं तर तो शांतच होता. म्हणाला, "देवाले पोतंभर धान पाह्यजे ना? माह्या बांधीतलं देतो. त्याले काय फरक पडते?" आईला सांगितलं. तिनं डोळ्यावरचा काळा चष्मा सारखा केला आणि धान ते धानच, घरातली गोष्ट घरात ठेव, म्हणून मला गप्प केलं.

सणाच्या दिवशी मी माझ्या बांधीतलं धान सुपात घेतलं. अर्धं पोचट, अर्धं बरं. जे पिकलं तेच नेणार होते. भावानं पोतं आणलं, सोनेरी, टपोरं.

पाळकसाहेबांनी उपदेश अर्पणावरच केला. बायबलातल्या त्या दोन भावांची गोष्ट सांगितली, ज्यातल्या एकाचं अर्पण देवाला आवडलं आणि दुसऱ्याचं नाही. देव आधी आणणाऱ्याकडे पाहतो, मग त्यानं काय आणलं ते पाहतो, असं म्हणाले. मग प्रभूचं सांगणं समजावलं. वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना आठवलं, की आपल्या भावाबहिणीचं मन आपण दुखावलंय, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन द्यावं. आता तरी याला कळेल, असं वाटलं.

अर्पणाला बोलावलं तेव्हा भाऊ पहिला उठला. पोतं वेदीपाशी ठेवलं. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की वडिलांचा शब्द मुलानं राखला, देवाची बांधी याही वर्षी भरून आली. भाऊ वळला आणि थेट माझ्या बाकाकडे आला. खरं सांगते, त्या क्षणी मी त्याला सगळं माफ करून टाकलं होतं.

तो वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "ते सूप बाकाखाली ठेव. लोक पाहून राह्यले."

मी उठले. सूप नेऊन पोत्याशेजारी ठेवलं. हे काय, असं पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"हे देवाच्या बांधीतलं आहे," मी म्हणाले. "ते पोतं नाई."

मी आईकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. नव्या डोळ्यानं तिला आता सूपही दिसत होतं आणि मीही.

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "कोंबड्यायचं हाय ते, साहेब. चुकून आणलं तिनं."

मंडळीनं सुटकेचा श्वास टाकला. कोणीतरी गीत सुरू केलं. मी सूप उचललं आणि घरी आले. भावानं पाणी तोडलं तेव्हा दुखलं होतं, पण आईच्या त्या वाक्यानं मी या घरात परकी झाले. आईला औषध मी अजूनही वेळेवर देते, पण तिच्याशी मनातलं बोलणं तेव्हापासून सुटलं.

ते धान मी कोंबड्यांना घातलं नाही. पाखडून जेवढा भरीव दाणा निघाला तेवढा बियाण्याला ठेवला आणि पुढच्या वर्षी देवाच्या बांधीत तोच पेरला. आता पाणी मी स्वतः सोडते. तिथलं धान मी पाळकसाहेबांच्या घरी गुपचूप पोचवते, वेदीपाशी जात नाही.

भाऊ मात्र दर सणाला पोतं घेऊन वेदीपाशी जातो. अर्पण तिथंच ठेवून आधी कुठं जायचं, ते त्यानं माझ्याइतकंच ऐकलं आहे. मी मुद्दाम अगदी पुढच्या बाकावर बसते, त्याला फार चालावं लागू नये म्हणून.