ओटीतली लाईट

पारगावच्या अंगाला घोड नदीच्या काठावर कुणालाही विचारा, लाईट कुठं असते? तारेत असते, बांधावरच्या डीपीच्या पेटीत असते, बोर्डाच्या मर्जीत असते, असली उत्तरं मिळतील. पण नानासाहेब पाण्यात उतरला की ती द्रौपदाच्या ओटीत असायची, आणि यात चेष्टा नाही. मोटरीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज, ते पांढरे चिनी मातीचे, ज्यांना सगळा गाव किटकॅट म्हणतो, ती स्वतःच्या हातानं उपसायची, लुगड्याच्या ओटीत घालायची आणि काठावर बसायची. नवरा वर येऊन कोरड्या मातीला पाय लावेपर्यंत ओटी सुटायची नाही. मग मोटरीचा मालक पाण्याची पाळी चाललीय म्हणून कितीही नाचो.

नानासाहेब म्हणजे तिचा नवरा. नावावर जाऊ नका. नाव साहेबाचं आणि अंगावर एक चड्डी, तीही कायम ओली. नदीकाठी वीतभर जमीन, बाकी मजुरी. पण दम असा की तो खाली गेला की काठावरच्या माणसाचा जीव घुसमटायचा. विहिरीत कळशी पडली, बादली पडली, बोलवा नानासाहेबाला. अर्थात कळशा काढून कुणाची चूल पेटत नाही. त्यांची चूल पेटवली ती केसाळानं.

केसाळ हे आमच्याकडचं नाव. हिरवंगार शेवाळ, पण गुळगुळीत नाही, केसांच्या गुंत्यासारखं, हातात घेतलं तर दोरासारखं लांबत जाणारं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा दिसलं. कुठून आलं? कुणी म्हणतं, वरच्या धरणातल्या मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला चिकटून आलं. कुणी म्हणतं, जुन्या बाजारातून कुणी मोटर आणली तिच्या फुटव्हॉलमध्ये होतं. फुटव्हॉल म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाईपाच्या तोंडाशी झडप आणि जाळी असते, ते. आलं कसंही असो, राहिलं मात्र थाटात. बंधाऱ्यांनी पाणी अडवून ठेवलेलं, वर चैत्राचं ऊन, आणि उसाला टाकलेला युरिया पाझरून नदीत. एवढी सरबराई आपल्याकडं जावयाचीसुद्धा होत नाही.

फुटव्हॉलच्या जाळीला केसाळ बसलं की मोटर नुसती घरघरते, पाणी येत नाही. मग नानासाहेब बुडी मारायचा, केसाळ ओरबाडायचा आणि सोडून द्यायचा धारेला. नदीचं ते नदीला. थोड्या दिवसांनी खालच्या वळणावरची मोटर बंद पडायची, तिथून बोलावणं यायचं. त्याच्या पुढं मग आणखी खालून. धंदा झकास चालला होता, आणि या धंद्याचं बी आपणच पेरत चाललोय हे दोघांना कळायला त्यांच्या राजरत्नाला बारावी सायन्सला जावं लागलं. पोरानं केसाळाचा बोटभर तुकडा बाटलीतून कॉलेजात नेला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि घरी येऊन सांगितलं, "बाबा, याला मूळ न्हाई, बी न्हाई. याचा दोरा तोडला की मरत न्हाई, तुकडा तुकडा वाढतो. वाळलं तरी मधल्या काळ्या गाठी जित्या राहत्यात, पाणी लागलं की पुन्ना फुटत्यात."

"मंग मी काय त्याचा माळी हाय व्हय?" म्हणून नानासाहेब हसला. द्रौपदा हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून काढलेलं सगळं केसाळ तिनं काठावर घ्यायला लावलं, वाळलं की पेटवायचं. मालक लोक कुरकुरले, येळ लई जातो म्हणाले. पण तोवर नदी खालपर्यंत हिरवी झाली होती.

फ्यूजचा नेमही तिचाच. लाईट येण्याचा भरवसा नाही, म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो बसवलेले. ऑटो म्हणजे, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. मालक घरात घोरत पडला तरी उसाला पाणी चालू. सोय मोठी, पण खाली माणूस आहे की मासा, हे ऑटोला कुठलं कळायला? पहिल्याच वर्षी एकदा नानासाहेबाचा हात जाळीशी असताना मोटर सुरू झाली होती. हात निघाला, नख राहिलं. तेव्हापासून द्रौपदा मोटरीजवळ गेली की आधी विचारायची, "डोहात पाईप किती?" मग मोजून तेवढ्यांचे फ्यूज काढायची. लोक चिडवायचे, "द्रौपदाबाई, जरा लाईट सोडा की, टीव्ही बघायचाय." ती म्हणायची, "माझा टीव्ही खाली गेलाय, वर आला की सोडते."

दोन हजार पाचचा उन्हाळा. लोडशेडिंगनं कहर केलेला. नदी आटून डोहाडोहांत गोळा झाली होती आणि पिण्याला पाणी राहावं म्हणून हुकूम निघाला होता, एका शेतकऱ्याला एकच पाईप. अशात गेणभाऊंचं बोलावणं आलं. गेणभाऊ म्हणजे काठावरचे मोठे बागायतदार. बोलायला गोड, वागायला सावध. त्यांच्या डोहावर केसाळाची गोधडी पसरली होती, वरून कोंबडी चालत गेली असती.

"गेणभाऊ, डोहात पाईप किती?" द्रौपदानं विचारलं.

"एकच की. तुज्या डोळ्यांम्होरं हाय."

तिनं तिन्ही किटकॅट उपसले, ओटीत घातले. लाईट तशीही नव्हती. नानासाहेब उतरला. एक बुडी, कवेत मावेल तेवढं कवळाभर केसाळ काठावर. दुसरी बुडी, आणखी एक कवळा. तो खाली गेला की द्रौपदाही श्वास धरायची, ही तिची खोड. तिचा सुटला की थोड्या वेळानं त्याचं डोकं वर दिसायचं, हे गणित कधी चुकलं नव्हतं.

तो पुन्हा खाली गेला. आणि उसातून मोटर गुरगुरली.

द्रौपदानं आधी ओटी चाचपली. तिन्ही फ्यूज होते. समोरची मोटर गप्प होती. मग ही कुणाची? तेवढ्यात तिला डोहाच्या मध्यावरचं केसाळ हलताना दिसलं. इतका वेळ निपचित पडलेली ती हिरवी गोधडी एका बाजूला सरकायला लागली होती, खालून कुणी ओढत असल्यासारखी. तिचा श्वास सुटला. नवऱ्याचं डोकं काही वर आलं नाही.

तिनं गेणभाऊंकडं पाहिलं. गेणभाऊंचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"कुणाची मोटर?"

गेणभाऊंची नजर उसाकडं गेली.

"गेणभाऊ, कुणाची म्हणते मी?"

"माजीच. दुसरा पाईप टाकलाय, केसाळाखालनं. ऑटोवर हाय. मोटरीच्या खोलीला कुलूप हाय, किल्ली घरी."

"उतरा तुमी पाण्यात," एवढं म्हणून ती पळाली. तिला पोहता येत नव्हतं. कुलूप फोडायला वेळ नव्हता. डीपी उसाच्या पलीकडं बांधावर होती, तिचं हँडल पाडलं की नदीकाठच्या सगळ्या मोटरी बंद. उसाच्या पात्यांनी हात-तोंड चिरत ती सरीतून धावली. हँडल गंजलेलं. ओढलं, हललं नाही. मग तिनं दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार टाकला, पाय जमिनीवरून उचलले, आणि ते कर्रकन खाली आलं. उसातली गुरगुर थांबली. काठावरच्या बाकीच्या मोटरीही बसल्या आणि सगळीकडं गपगार झालं.

आता तिला नदीकडं पळायचं होतं. आणि पळता येत नव्हतं.

कारण आपल्या गावाची रीत तिला चांगली ठाऊक होती. लाईट गेली की माणूस डीपीकडं येतो, हँडल पडलेलं दिसलं की वर करतो. कुणी पाडलं, का पाडलं, कोण विचारतो? ती इथून हलली आणि कुणी हँडल चढवलं तर? उभी राहिली तर नवरा वर आला की नाही ते कळणार नाही. मध्ये नुसता ऊस, दोन पुरुष उंचीचा. तिनं हँडलला पाठ लावली.

आलाच कुणीतरी. जानकू, शेजारच्या मळ्यातला, हात चिखलानं भरलेले, सायकल दामटत. "वैनी, कुणी पाडलं वो हँडल? माजे कांद्याचे वाफे निम्म्यात राह्यले." बोलता बोलता त्यानं हात पुढं केला.

"हात लावायचा न्हाई."

"आवं पण लाईट जाईल परत..."

"माजं माणूस पाण्यात हाय, जानकू." तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "गेणभाऊंच्या डोहात. जा, वर आलं का बघ. मी हितनं हालत न्हाई."

जानकूनं सायकल तिथंच टाकली आणि उसात घुसला.

मग जे काही गेलं त्याला मिनिटं म्हणा नाहीतर तास. ओटीतला एक फ्यूज पोटात रुतत होता, ती तो बाजूलाही करेना. तिला मनात येत होतं, हाक मारावी. आणि हाकेला उत्तर आलं नाही तर काय, म्हणून मारवेना. इतकी वर्षं लाईट ओटीत घेऊन बसले, आणि एका माणसाच्या तोंडच्या एका शब्दावर आज भरवसा ठेवला. पाईप मीच का नाही शोधले, पायानं चाचपून का नाही बघितले? राजरत्नाला काय सांगू? जानकू येईना. इतका वेळ लागतोय म्हणजे काय, हे तिला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

ऊस हलला. पुढं जानकू, आणि त्याच्या खांद्यावर भार टाकून नानासाहेब. उजव्या हाताला कोपरापर्यंत केसाळ गुंडाळलेलं, त्यातून रक्त निथळत होतं.

लोक सांगतात, द्रौपदा रडली नाही, वाघीण आहे. खोटं आहे. ढसाढसा रडली, पण हँडल सोडलं नाही. नानासाहेबाला जवळ येऊन म्हणावं लागलं, "सोड आता. वर आलोय मी."

झालं होतं असं. केसाळ सारखं बसतंय म्हणून गेणभाऊंनी त्या दुसऱ्या पाईपाची जाळीच काढून टाकली होती, नुसतं उघडं तोंड. मोटर सुरू झाली तसं केसाळ आत ओढलं गेलं आणि केसाळात अडकलेला हातही. तो तोडायला बघे, तर दोरासारखं आणखी आवळे. मोटर बंद पडली तशी आतली झडप बोटांवर आपटली. कातडं तिथंच ठेवून त्यानं हात काढला आणि काठाला लागला. गेणभाऊ तोवर गुडघाभर पाण्यात आले होते, पुढं नाही.

ते मागून आले. "चुकलं माजं द्रौपदाबाई, पण त्या हुकमामुळं सांगता येईना..."

तिनं ओटीतले तिन्ही फ्यूज एका मुठीत धरून त्यांच्यापुढं केले. "ह्ये माज्याकडंच राहत्यात. हँडल बी पडलेलंच राहील. आता तुमी उतरा आणि काढा तुमचा पाईप. मी बसते काठावर."

गेणभाऊंनी उसापलीकडं नदीच्या दिशेला पाहिलं. पाय काही उचलला नाही.

त्या दिवसापासून दोघांनी काम सोडलं. नानासाहेबाची दोन बोटं वाकडीच राहिली. केसाळानं मात्र काम सोडलं नाही. उघड्या पाईपातून चिरफळ्या होऊन ते गेणभाऊंच्या उसाच्या सऱ्यांत गेलं, सऱ्यांतून ओढ्यात, ओढ्यातून परत नदीत. मालकांनी दोरीला लोखंडी आकडे बांधून पाण्यात टाकून बघितले. बाभळीच्या फांद्या बैलांना जुंपून डोहातून ओढल्या, तर जिथं एक गोधडी होती तिथं दहा झाल्या. मोटरी घरघरत बसल्या, ऊस पिवळा पडायला लागला, आणि एका सकाळी गेणभाऊ बौद्धवाड्यात द्रौपदाच्या दारात येऊन उभे राहिले. तिनं आत बोलावलं, चहा ठेवला. गेणभाऊंनी घेतला. या घरातला त्यांचा पहिलाच.

"यंदापुरतं तरी या," ते म्हणाले.

नानासाहेबानं बायकोकडं पाहिलं. तिनं कपबशी आत नेली, परत आली आणि सांगितलं. डीपीचं हँडल पाडायचं आणि त्याखाली जानकू बसेल. केसाळ काठावर निघेल, वाळलं की जाळायचं, एक काडी धारेला जाता कामा नये. आणि ज्याचा डोह, त्या मालकानं ह्यांच्या शेजारी छातीइतक्या पाण्यात उभं राहायचं, काम संपेपर्यंत.

"मी? मला पवता येत न्हाई गं."

"मला बी येत न्हाई," द्रौपदा म्हणाली.

गेणभाऊ उतरले. धोतर खोचून, दोन्ही हात वर धरून, केसाळ गळ्याशी लागलेलं. शेजारी नानासाहेब दम भरत होता. काठावर द्रौपदा बसली, ओटी आवळली आणि नेहमीचं विचारलं, "गेणभाऊ, डोहात पाईप किती?"

गेणभाऊंनी भोवतालच्या हिरव्या पाण्याकडं पाहिलं, मग नानासाहेबाच्या वाकड्या बोटांकडं.

"तीन," ते म्हणाले.