तुरटी फिरवलेली बिअर

कबूल करते: माझ्या पहिल्यावहिल्या बिअरच्या पाण्यात मी तुरटी फिरवली होती. तेव्हा मी जेमतेम सहासष्ट वर्षांची. अल्लड वय. त्यात मुलींच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, म्हणजे पाण्यातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही ही घमेंड.

नात नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि बिअर करायचं सगळं सामान आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये टाकून गेली. वाया का घालवायचं? त्या आठवड्यात सोसायटीच्या बोअरला गढूळ पाणी येत होतं. माहेरी पिंपात तुरटी फिरवायचे, तशी मी पातेल्यात फिरवली. चांगली सढळ हातानं. गाळ खाली बसला, पाणी काचेसारखं झालं, आणि त्यात मी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भिजवले.

तीन आठवड्यांनी बाटली उघडली. धाकटे दीर शनिवार पेठेतून मुद्दाम आले होते. एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं आवळलं, की कवळी जागेवर आहे का ते त्यांनी जिभेनं चाचपून पाहिलं.

"वहिनी, छान आहे," ते म्हणाले. "दाढी झाल्यावर लावायला."

तुरटीबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

"तुम्ही आपल्या चकल्या करा. त्या जमतात तुम्हांला."

हे लागलं. ह्या माणसानं माझ्या हातची बिअर पुन्हा मागून घेतली पाहिजे, एवढंच मी ठरवलं.

दुसऱ्या खेपेला सगळं पाणी आरओचं घेतलं. शुद्ध म्हणजे उत्तम, हा हिशेब. बिअर मिळमिळीत झाली. दीरांनी ग्लास अर्धा ठेवला आणि काही बोलले नाहीत. शनिवार पेठेत गप्प बसणं म्हणजे निकाल.

मग मी वही घातली. दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न येणारं, पाणी उकळलं की त्यातला काही क्षार तळाशी बसतो, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मुलींनी उतरवून घेतलं. मी मात्र ऐकलं नव्हतं. आता बोअरचं पाणी खळखळून उकळलं, निवू दिलं. तळाला पांढरा थर धरला. वरचं पाणी अलगद काढून त्यात तेवढंच आरओचं मिसळलं. माल्ट भिजवल्यावर पीएच मोजायची पट्टी बुडवली: पावणेसहाच्या आसपास. मला साडेपाचच्या जरा खाली हवा होता. थोडं जिप्सम आणि लॅक्टिक आम्लाचे काही थेंब, दह्यात असतं तेच.

वजनाचा छोटा काटा यजमानांच्या हाती दिला होता.

"जिप्सम म्हणजे आपला खडूच ना?" ते म्हणाले. "शाळेतला एक डबा आहे अजून."

"त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं. मी शुद्ध आणलंय."

"तुरटीच्या वेळी कुठे गेलं होतं हे शुद्ध?"

"अहो, काटा बघा."

ती खेपही फसली. जिप्सममुळे कडवटपणाला धार येते, हे वाचून मी इतकं घातलं की धारच उरली. पुढच्या वेळी ते निम्मं केलं, त्याच्या पुढच्या वेळी कॅल्शियम क्लोराईड घातलं, म्हणजे चव भरीव होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या म्हणून शाळेत मी किती प्रयोगवह्या परत फेकल्या होत्या!

सहाव्या खेपेला दीरांना बोलावलं. "पुन्हा?" असं फोनवर म्हणाले, पण आले. पहिला घोट त्यांनी डॉक्टरनं दिलेल्या औषधासारखा घेतला. दुसरा सावकाश. मी मुद्दाम चकल्यांची बशी पुढे सरकवली, तिला त्यांनी हात लावला नाही. यजमान माझ्याकडे बघत होते, मी पंख्याकडे.

ग्लास टेबलावर टेकला. रिकामा. तो त्यांनी बोटानं माझ्याकडे सरकवला.

"वहिनी, ही दाढीला नका वाया घालवू. ओता."